खुर्चीतला मारुती

मला भांडायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना कोणाला वाटायचं की बाई मुळात गरीब गाय होती आणि प्रसंगाने तिला भांडायला लावलं. तसं काही नाही. जळगावात मेहरूणला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि ‘गळा खोल झाला’ म्हणत वाद घालायला आलेल्या बाईला मी आजवर एकदाही जिंकू दिलेलं नाही. माहेर धुळ्याकडचं. फारच संतापले की माझ्या तोंडून आईची अहिराणी बाहेर पडते, आणि ती कानावर पडली की नवरा मुकाट्याने चहा टाकायला उठतो.

दुकानातून वेळ काढून मी अडकलेली जनावरं सोडवते. बिनकठड्याच्या विहिरीत पडलेलं कुत्रं, बरणीत डोकं अडकलेलं मांजर, मांजात गुरफटलेलं घुबड. आम्ही चार-पाच जण आहोत, ज्याला जमेल तो जातो. माझ्याकडे एक स्कूटी, एक जाळी, चामड्याचे हातमोजे आणि एक पिंजरा आहे. पिंजऱ्याला मी उरलेल्या अस्तराच्या कापडाची खोळ शिवली आहे, कारण अंधार झाला की जनावर लवकर शांत होतं. त्या खोळीला एकही टाका उसवलेला दिसणार नाही.

‘एवढं माणसांसाठी केलं असतं तर,’ असं मला कोणी ना कोणी सांगतंच. सांगणाऱ्याला मी विचारते, की तुम्ही माणसांसाठी काय करता ते सांगा, मी येते मदतीला. अजून कोणी बोलावलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. मी सकाळीच फैजपूरला गेले होते. तिथे केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये घोरपड शिरली होती आणि खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली होती. माणसं बाहेर, घोरपड आत, आणि भरायला आलेला ट्रक मध्येच खोळंबलेला. तिला बाहेर काढून नाल्यापलीकडे सोडलं, हात धुतले आणि फोनवर स्टेटस टाकलं. ही माझी एक हौस आहे. त्या स्टेटसमुळेच पुढचा फोन आला.

फोन माझ्या एका गिऱ्हाइकाचा होता. तिचं माहेर फैजपूरहून रावेरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे, आणि ती तेव्हा तिथेच आलेली होती. “ताई, तुम्ही जवळच आहात ना? आमच्या गावात मारुतीराया गेले. लाइटच्या डीपीवर शॉक लागून खाली पडले. अंत्ययात्रा निघायची आहे, पण त्यांना एक पिल्लू चिकटलंय, ते काही केल्या सोडत नाही. तेवढं काढून द्या ना.”

आमच्या भागात वानर मेलं की त्याचा मारुती होतो. त्याला खुर्चीत बसवतात, शेला पांघरतात, गुलाल-फुलं वाहतात, भजनं म्हणत गावातून मिरवतात आणि देवळामागे पुरतात. काही दिवसांनी गावजेवण असतं, काही जण डोकं भादरून घेतात. मी हे आधी दोन-तीन गावांत पाहिलेलं होतं आणि मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. मेलेल्याला फूल वाहणाऱ्याशी माझं भांडण नाही. मी पिंजरा उचलला आणि निघाले. पिल्लाला वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागणार होतं, म्हणून वाटेत ओळखीच्या एका मुलीला फोन केला, ती वनरक्षक आहे. ती म्हणाली, “मी निघते. मी पोचेपर्यंत काही करू नका, ताई.” मला ती हे नेहमीच सांगते.

गावात पोचले तर देवळासमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत वानर. तोल जाऊ नये म्हणून छातीवरून शेला घेऊन पाठीला गाठ मारलेली. मान खाली पडलेली. तोंडावर इतका गुलाल की काळं तोंड काळं राहिलंच नव्हतं. गळ्यात झेंडूच्या माळांचा ढीग, आणि त्या ढिगाखालून एक बारीक शेपटी लोंबत होती, ते पिल्लू. बाजूला केळीचे खांब बांधून सजवलेला टेम्पो उभा होता, त्यावर भोंगा. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन बसलेली. पुरुष सगळे चौकात, बाया रस्त्यापलीकडे ओट्यांवर, डोक्यावर पदर घेऊन. देवळामागे नुकत्याच खणलेल्या काळ्या मातीचा ढिगारा दिसत होता.

भजनी मंडळाचे प्रमुख एक म्हातारे आबा होते, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का. त्यांनीच मला वाट करून दिली. “या ताई. पिल्लू तेवढं काढा. पन मारुतीले हात नका लावू. बाईमानूस मारुतीले हात नही लावत.”

“आबा, पिल्लू पोटाला चिकटलंय. हात न लावता कसं काढू? फुंकर मारून?”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी हातमोजे बाहेर काढले, तर आबा दचकलेच. “चामडं त बिलकुल नही.” शेवटी तोड निघाली ती अशी, की कोऱ्या उपरण्यात हात गुंडाळून पिल्लू धरायचं. मी मनातल्या मनात काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण उपरणं घेतलं. पिल्लाचा जीव महत्त्वाचा होता.

मी हाताला कापड गुंडाळत असताना आजूबाजूचे लोक मला चमत्कार सांगत होते. “ताई, सकायपासून बसवले, पन अंग अजून मऊ हाये पाहा. ताठलं नही.” दुसरा म्हणाला, “गरम बी हाये. देवाचं अंग हाये ते, थंड कसं पडीन?” तिसऱ्याने तर शपथेवर सांगितलं, की आरतीच्या वेळी मारुतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “साऱ्यायनं पाह्यलं, ताई.”

मऊ, गरम, डोळ्यांत पाणी. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून, तोंडाने सांगूनही एकाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. मला वाटतं, खुर्चीत बसवून हार घातल्यावर ते वानर त्यांच्या लेखी वानर राहिलंच नव्हतं, आणि देवाचा श्वास चालतोय का, हे कोण बघणार?

मी खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले. माळांखाली हात घातला. पिल्लाने उपरण्यासकट माझं बोट चावलं. मी त्याला मानेपाशी धरून हळूच ओढलं, आणि त्याच्या पाठीवर पडलेल्या आईच्या हाताची बोटं मिटली. फार नाही, जराशी. झोपलेली बाई कडेला सरकलेल्या पोराला झोपेतच जवळ ओढते, तेवढीच.

मी उपरणं फेकून दिलं आणि उघडा हात सरळ छातीवर ठेवला. मागे एकदम गलका झाला, “अहो ताई! ताई!” मी लक्ष दिलं नाही. आधी काहीच लागलं नाही. मग लागलं. अगदी बारीक आणि भरभर. खात्रीसाठी डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या नाकाशी धरला. गुलालाने नाकपुड्या जवळजवळ बुजल्या होत्या, तरी काच धुरकट झाली.

मग मात्र माझ्या तोंडून आईची भाषा आली आणि भोंग्यावरच्या भजनालाही पुरून उरली. “बठ्ठा आंधया व्हई ग्यात का? हाई जित्तं शे! जित्तं शे हाई!”

जिवंत आहे, एवढं सगळ्यांना कळलं. टाळ थांबले. मला वाटलं, आता पळापळ होईल, कोणी पाणी आणेल, कोणी गाडी काढेल. तसं काहीच झालं नाही. भजनातला एक जण दोन्ही हात वर करून ओरडला, “चमत्कार! मारुतीराया जागे झाले!” पुन्हा टाळ सुरू झाले, आधीपेक्षा जोरात. गुलालाची मूठ उडाली ती माझ्याही डोक्यावर पडली. माणसं पाया पडायला रांगा लावू लागली, नारळ फुटायला लागले. मेलं समजून ते तिला पुरणार होते, आणि जिवंत म्हटल्यावर पूजा करून मारणार होते. मला दोन्हींत फरक दिसत नव्हता.

“आबा, हिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता. हा टेम्पो द्या.”

“ताई, देव हाये तो. सोता उठीन. आपुन कोन नेनारे?”

मी कायदा काढला. वन्यप्राणी आहे, संरक्षित आहे, जिवाला काही झालं तर गुन्हा दाखल होईल, वनखात्याची माणसं येतच आहेत. कोणावर ढिम्म परिणाम झाला नाही. एक जण म्हणाला, “देवाले कसाचा कायदा?” आणि तिच्या पायावर नारळाचं पाणी ओतलं. त्या पायाला मोठी जखम होती. करंट बाहेर पडला होता तिथे. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून उभी राहिले आणि तिच्या गळ्यातल्या माळा दोन्ही हातांनी धरून बाजूला केल्या. पिल्लू आईच्या छातीला लागलेलं होतं आणि त्याच्या ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता.

“आबा, इकडे या. नीट पाहा. मारुती ब्रह्मचारी ना? मग हे पोर कोणाचं?”

आबांनी वाकून पाहिलं.

“ही बाई आहे,” मी म्हणाले. आता मी आबांशी बोलत नव्हते, अख्ख्या चौकाशी बोलत होते. “ओली बाळंतीण आहे. छातीला दूध आहे तिच्या. आणि गावातले सगळे बाप्ये बाळंतिणीला उघड्या चौकात बसवून, तिच्याभोवती गोळा होऊन गुलाल उधळताहेत. तुमच्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीत असे शिरता का तुम्ही? जरा तरी चाड आहे का?”

कायद्याने जे झालं नाही, ते ‘बाळंतीण’ या एका शब्दाने झालं. पुढे आलेले पुरुष थबकले. ज्याने पायावर पाणी ओतलं होतं, त्याने मान फिरवली. पाया पडायला वाकलेला एक जण तसाच अर्धवट वाकून मागे सरकला. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पुरुष थांबतो, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं असतं की खुर्चीत वानर आहे हेसुद्धा ते क्षणभर विसरले असावेत. मला आनंद झाला. भांडणात अचूक वर्मी लागलं की होतो तसा आनंद, खोटं कशाला सांगू?

पण मागे सरकणं म्हणजे टेम्पो देणं नव्हे. आबा अजून मध्येच उभे होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या ओट्यावरून एक म्हातारी उठली. बारीक अंगकाठी, नऊवारी लुगडं, पायात चप्पल नाही. सगळे तिला अक्का म्हणत होते. ती आबांची थोरली बहीण होती, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणारी. ती सरळ रस्ता ओलांडून चौकात आली. पुरुषांच्या त्या घोळक्यात शिरताना तिने पदरसुद्धा सावरला नाही.

“सरका रे. बायंतिनीजोळ काय उभे रायले? सरका.”

“अक्का, तू नको मधी पडू,” आबा म्हणाले.

“तू सरक आधी.”

आबा सरकले. अक्काच्या मागोमाग दोघी आल्या, मग आणखी चौघी-पाच जणी. माझं गिऱ्हाईकही होतं त्यांत. कोणी न सांगता त्यांनी पदर पसरून खुर्चीभोवती आडोसा केला. घरात तशी वेळ आली की करतात, तसाच. अक्काने शेल्याची गाठ सोडली, आम्ही दोघींनी वानरिणीला उचलून जमिनीवर घेतलं, तिचं डोकं अक्काच्या मांडीवर. मी ओल्या पदराने तिच्या नाकातला गुलाल काढला. पिल्लू आता कोणाला चावत नव्हतं. अक्काने त्याच्यासकट तिला शेल्यात गुंडाळलं आणि म्हणाली, “चाल, कुठी नेनार हाये?”

टेम्पोवाला आबांकडे पाहत होता. आबांनी मान हलवली. मी मागे चढत असताना ते जवळ आले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, उलट बिचारे दमलेले दिसत होते. “न्या ताई. पन गेली त आमच्याकडे आनजा. यात्रा आमीच काढू.”

“ती जाणार नाही,” मी म्हणाले.

कशाच्या जोरावर म्हणाले, ते मला विचारू नका. तिचा डावा हात कोपराखाली कोळशासारखा काळा पडला होता, माझ्या डोळ्यांदेखत तिचा श्वास अडकत होता. पण त्या चौकात ‘पाहू’, ‘प्रयत्न करू’ असलं काही बोलायची माझी तयारी नव्हती.

भोंगा कसा बंद करायचा ते टेम्पोवाल्याला कळेना, की करायचा नव्हता, देव जाणे. फैजपूरपर्यंत भजन वाजत राहिलं आणि रस्त्याच्या कडेने केळीचे घड वाहणारी माणसं हात जोडत राहिली. मागे मी, अक्का, पिंजरा, आणि शेल्यातली मायलेकरं. अक्काने सगळ्या वाटेत वानरिणीचा उजवा हात धरून ठेवला होता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टेम्पो पाहून विचारलं, “मिरवणूक इकडे कशी वळली?” मी म्हणाले, “मिरवणूक नाही, पेशंट आहे.” माणूस चांगला निघाला. पुढे एक प्रश्न न विचारता त्याने तिला टेबलावर घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. थोड्या वेळाने वनरक्षक मुलगी आली. “ताई, मी काही करू नका म्हटलं होतं ना?” असं म्हणून तिने आधी मला झापलं आणि मग सलाईनची बाटली धरून उभी राहिली, कारण दवाखान्यातला स्टँड मोडला होता. दुपारी वानरिणीने डोळे उघडले. पहिलं काम केलं ते डॉक्टरांच्या अंगठ्याला चावण्याचं. त्या चाव्याचा मला झाला तेवढा आनंद माझ्या मुलीच्या निकालाचाही झाला नव्हता.

पण जिवंत राहणं आणि जगणं यांत बरंच अंतर असतं. वनखात्याने तिला पिल्लासकट त्यांच्या उपचार केंद्रात नेलं. हात सडायला लागला म्हणून कोपरापासून काढावा लागला. एक हात नसलेलं वानर जंगलात कसं टिकणार, असं काही जणांचं म्हणणं पडलं. कोणी म्हणालं आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवा, कोणी म्हणालं त्यापेक्षा सुखाने झोपवा. निर्णय माझ्या हातात नव्हता, तरी मी प्रत्येकाशी भांडले. झोपवायचंच होतं तर गाव काय वाईट होतं, तिथे निदान हार तरी होते, असं मी एका साहेबांना तोंडावर म्हणाले. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाहेर बसले, पण गेले नाही.

इकडे जळगावात त्या चौकातला व्हिडिओ फिरत होता. बाई मारुतीला शिवली, बाई ब्रह्मचारी मारुतीबद्दल नको ते बोलली. एक जुनं गिऱ्हाईक शिवायला दिलेली कापडं परत घेऊन गेलं. नेऊ देत. नवरा म्हणाला, “एवढं बोलायची काय गरज होती?” मी म्हणाले, गरज होती. तो चहा टाकायला गेला नाही, म्हणजे त्यालाही बरंच ऐकावं लागलं असणार.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती लोकांची नव्हती. वानरीण मेली तर ते लोक खरे ठरतील, याची मला भीती वाटत होती. मग प्रत्येक जण म्हणेल, पाहा, शेवटी मेलीच ना, उगाच गावाचा देव पळवला. त्या दिवसांत मला दोन फोन यायचे. एक भजनी मंडळातल्या कोणाचा तरी. आवाज मऊ, पण विचारायचं एकच, “काय ताई, काही झालं का?” म्हणजे गेली का. खड्डा त्यांनी अजून बुजवला नव्हता. मी सांगायची, “बुजवा तो खड्डा, पोरं पडतील.” दुसरा फोन अक्काचा, सुनेच्या मोबाइलवरून. “बायंतीन जेवली का?” एवढंच. मी सांगायची, पाला खाल्ला, शेंगा खाल्ल्या, आज पिल्लाला थापड मारली. अक्का “बरं” म्हणून फोन ठेवायची.

वानरीण मात्र कोणाच्या मताची वाट पाहत बसली नव्हती. मोठ्या पिंजऱ्यात सोडल्यावर ती एका हाताने जाळी चढायला शिकली. आधी पडली, मग कमी पडली, मग पिल्लू पोटाला घेऊन वरच्या फांदीवर जाऊन बसली आणि खाली यायलाच तयार होईना. साहेबांनी मला बोलावून ते दाखवलं. मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते पुरेसं होतं.

उन्हाळा लागायच्या आधी तिला सोडायचं ठरलं. सातपुड्याच्या पायथ्याला, त्या गावाच्या वरच्या अंगाला, जिथून तिचा कळप केळीत उतरतो तिथे. मी जळगावहून आले, तर वनखात्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर अक्का बसलेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. वनरक्षक मुलीने मला डोळ्यांनीच सांगितलं, की नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. आबा आले नव्हते. त्यांनी तिथे फोडायला म्हणून नारळ पाठवला होता. अक्काने तो पिशवीतच ठेवला. “घरी नेऊन चटनी करीन,” म्हणाली.

पिंजऱ्याचं दार उघडलं. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग आली, इकडे-तिकडे पाहिलं आणि अंजनाच्या झाडाकडे गेली. चढताना तिने सवयीने नसलेला हात पुढे टाकला, घसरली, पिल्लू किंचाळलं. आम्ही सगळे जागच्या जागी. तिने पुन्हा सुरुवात केली. उजवा हात, दोन्ही पाय, मध्ये थांबायचं, पुन्हा उजवा हात. वर कळप खेकसत होता. एक म्हातारी मादी फांदीफांदीने खाली उतरली, तिला हुंगलं, तुटक्या हाताला हुंगलं, आणि पिल्लू तिच्या पोटावरून काढून आपल्या पोटाला लावून वर निघून गेली. ही तिच्या मागोमाग गेली. थोड्या वेळाने पानांत कोण कुठली ते ओळखू येईना.

मला ओरडावंसं वाटत होतं. जिंकले होते मी. गाव, साहेब, व्हिडिओवाले, कापडं परत नेणारी बाई, सगळ्यांना हरवलं होतं. अक्काकडे वळून मी तेच काहीतरी म्हणणार होते. ती झाडाकडेच पाहत होती.

“मह्यी लहान बहीन बायंतपनात गेली,” ती म्हणाली. “सकायी गेली म्हने, अन् दुपारच्या आत नेली. मी तिचा हात धरला होता. मी बापाले सांगलं, हिचा हात गरम हाये. म्हने, तापात गेली, म्हनून गरम हाये.”

मी विचारलं, “कोणी नीट पाहिलं नाही?”

“पाहनारे बाप्ये होते. डाक्टरबी बाप्या. खोलीच्या भाईरूनच त्यायनं पाह्यलं.” ती माझ्याकडे वळली. “बायंतिनीले हात कोन लावते, ताई?”

ज्या एका शब्दावर मी अख्खा चौक मागे सरकवला होता, त्याच शब्दावर तिच्या बहिणीजवळ कोणी गेलं नव्हतं. भांडायला समोर कोणी नव्हतं, आणि जे होते ते कधीचेच राख झाले होते. मी अक्काचा हात धरला. कशाला धरला, माहीत नाही. तिने तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला आणि पिशवी उचलली.

“तुमी लावला हात. कोनी काही बी म्हनू द्या, लावत जा,” ती म्हणाली. “अन् कोनाले इचारत नका जाऊ.”

मी विचारत नाही.